घरी सुतारकाम सुरू करायचंय तर पहिलं मशीन कोणतं घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून काम, हाताने काहीतरी बनवावं असं फार दिवसांपासून मनात आहे, घरात एक छोटी खोली किंवा बाल्कनीचा कोपरा मिळू शकतो, शनिवार-रविवार मिळून चार-पाच तास. तर सुरुवात टेबल सॉने (टेबलातून वर आलेलं गोल पातं, लाकूड त्यावर ढकलायचं) करावी की मायटर सॉने (गोल पातं वरून खाली आणून लाकूड आडवं कापायचं), लाकूड कुठलं घ्यावं आणि डायनिंग टेबल बनवण्याइतका हात बसायला किती दिवस लागतील.

मी गेली बावीस वर्षं घरीच लाकूडकाम करतोय, पोटापाण्याचा उद्योग वेगळा आहे, आणि या काळात दहा-बारा जणांना स्वतःच्या बेंचवर शिकवलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मशीनचं आधी सांगतो. दोन्ही नको, निदान पहिलं वर्षभर तरी नको. टेबल सॉ वाईट मशीन आहे असं नाही, माझ्याकडेही आता एक आहे, पण छोट्या खोलीत ते आलं की मोठी फळी फिरवायला जागा उरत नाही, आवाजामुळे संध्याकाळी काम करता येत नाही, आणि नवख्या माणसाला लाकूड पात्यात चिमटलं की ते उलटं अंगावर फेकलं जातं हे कळायच्या आत घडून गेलेलं असतं. आणि धूळ. लाकडाची बारीक धूळ ही फक्त झाडझुडीची कटकट नाही, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच तिला माणसात कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय. राहत्या घरात, जिथे लहान मुलं झोपतात तिथे, धूळ ओढून घेणाऱ्या यंत्रणेशिवाय पॉवर सॉ चालवू नका, मी हे अगदी कळकळीने सांगतोय. करवतीचा भुसा जाड असतो, तो खाली पडतो, आणि रंध्याचे पापुद्रे तर हाताने उचलून पिशवीत भरता येतात. हाताच्या अवजारांनी घरात काम करायचं याचं हे फार मोठं कारण आहे, जुनं ते सोनं वगैरे म्हणून मी सांगत नाहीये.

मग पहिले पैसे कशावर घालायचे? धार लावायच्या दगडावर. पटाशी (लाकूड कोरायची छिन्नी) आणि रंधा त्यानंतर.

मी ज्यांना शिकवलं त्यातले निम्मे तरी आधी एकदा सुरू करून सोडून दिलेले होते आणि प्रत्येकजण हेच म्हणायचा की माझ्या हातात ते नाही. एकाने त्याची पटाशी आणली होती, दोन वर्षं वापरलेली, आणि तिला आयुष्यात एकदाही धार लावलेली नव्हती. तो हातोडीने घाव घालून लाकूड अक्षरशः चेचत होता आणि सांध्यात फट पडली की स्वतःला दोष देत होता. मी त्याला माझी पटाशी दिली, तोच तुकडा, तोच हात, आणि नुसत्या दोन्ही हातांच्या दाबाने पाइनच्या टोकावरून पातळ काप निघाला. तो बराच वेळ त्या कापाकडे बघत राहिला. बहुतेक नवीन पटाश्या कारखान्यातून येतात तेव्हा त्यांना फक्त कोन दिलेला असतो, कामाची धार नसते, आणि हे पाकिटावर कुणी लिहीत नाही.

धार म्हणजे काय तर दोन सपाट बाजू जिथे एकमेकींना मिळतात ती रेघ, इतकंच. म्हणजे उताराची बाजू जितकी महत्त्वाची तितकीच मागची सपाट बाजूही. सगळे लोक उतार घासत बसतात आणि पाठ तशीच खरबरीत ठेवतात, मग धार येणार कुठून? तर नवीन पटाशी आणली की पहिल्यांदा तिची पाठ, टोकाकडची दोन-तीन सेंटिमीटर तरी, दगडावर सपाट ठेवून घासायची, जोपर्यंत तिथे सगळीकडे एकसारखी चमक येत नाही तोपर्यंत. हे एकदाच करावं लागतं पण कधीकधी तास जातो, कंटाळू नका. दगड लगेच घ्यायचा नसेल तर जाड काचेवर वेट-अँड-ड्राय पॉलिश पेपर चिकटवून काम होतं, ४०० नंबरपासून सुरू करून १००० आणि मग २००० (नंबर जितका मोठा तितका कण बारीक). दगड घेणार असाल तर एक १००० चा आणि एक ६००० किंवा ८००० चा, बाकी काही लागत नाही.

मग उतार. कोन २५ अंशांचा असतो साधारण, आणि अगदी टोकाला ३० अंशांची बारीक पट्टी घासून काढतात म्हणजे दर वेळी सगळा उतार घासत बसावं लागत नाही. कोनमापक नसेल तर एक सोपी खूण आहे, उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या बरोबर दुप्पट भरली तर कोन ३० अंश, त्याहून थोडी जास्त, सव्वादोन-अडीच पटीच्या मध्ये, तर २५ च्या आसपास. सुरुवातीला चाकावर चालणारं होनिंग गाइड, म्हणजे पटाशी ठरलेल्या कोनात धरून ठेवणारं साधन, वापरायला अजिबात लाजू नका. उतारावर मार्करने रंग फासा आणि दोन-चार वेळा घासून बघा, रंग जिथून गेला तिथे दगड लागतोय, टोकाजवळ रंग तसाच असेल तर धारेपर्यंत तुम्ही पोचलेलाच नाही आहात. पोचलात की मागच्या बाजूला एक बारीकशी खरखर जाणवते, बोट धारेवरून कधीही लांबीच्या दिशेने फिरवायचं नाही, पाठीवरून बाहेरच्या बाजूला सरकवायचं, ती खरखर म्हणजे बर. या टोकापासून त्या टोकापर्यंत बर आली म्हणजे त्या दगडाचं काम संपलं. मग बारीक दगड, मग पाठ एक-दोनदा सपाट, आणि शेवटी लाकडावर चिकटवलेल्या चामड्याला पॉलिशिंग पेस्ट लावून त्यावर आठ-दहा वेळा मागे ओढायचं. फक्त मागे, पुढे ढकललं की चामडं कापलं जातं.

तपासायला हातावरचे केस काढून बघायची पद्धत आहे पण त्याने खरं कळत नाही. मऊ लाकडाचं टोक घ्या, म्हणजे जिथे लाकडाच्या रेषा (तंतू) आडव्या कापल्या जाऊन उघड्या पडलेल्या असतात ती बाजू, आणि त्यावरून पातळ काप काढा. मागे राहिलेला भाग गुळगुळीत आणि थोडा चमकणारा दिसला तर धार आहे, पांढुरका, चुरा झाल्यासारखा दिसला तर परत दगडावर. आणि हे काम आठवड्याच्या शेवटी करायचं म्हणून बाजूला ठेवू नका. अर्धा-पाऊण तास पटाशी चालवली की दोन मिनिटं बारीक दगड आणि चामडं. दगड बेंचवर कायम मांडलेला असला तरच हे होतं, कपाटात असला तर तुम्ही बोथट अवजाराने ओढत राहणार हे नक्की.

बाकी अवजारांची यादी छोटी आहे. तीन पटाश्या, ६, १२ आणि २० किंवा २५ मिमी. एक रंधा, चार नंबर किंवा पाच नंबर (हे रंध्याच्या मापाचे नंबर), एकच घ्यायचा असेल तर पाच, कारण तो थोडा लांब असल्याने फळी सपाटही करतो आणि पातं बारीक लावलं तर शेवटचा हातही मारता येतो. जुना लोखंडी रंधा मिळाला तर उत्तम, फक्त तळाला तडा नाही ना आणि पात्यात खोल गंज चढलेला नाही ना एवढं बघायचं, वरवरचा गंज निघतो. करवतीत दोन प्रकार असतात हे मात्र समजून घ्या, लांबीच्या दिशेने चिरायच्या करवतीचे दात छोट्या पटाश्यांसारखे असतात आणि आडवं कापायच्या करवतीचे दात छोट्या सुऱ्यांसारखे, एकीचं काम दुसरीने केलं तर होतं पण जोर लागतो आणि काठ खराब होतात. जपानी करवती ओढताना कापतात, त्यामुळे पातं पातळ असतं आणि नवख्याला सरळ कापणं सोपं जातं, त्यांच्यात दोन्ही बाजूंना दोन प्रकारचे दात असलेली एक मिळते, सुरुवातीला ती एकच पुरते. मग एक चांगला गुण्या (काटकोन तपासायचं साधन), एक मार्किंग गेज (कडेला समांतर रेघ मारायचं साधन), एक धारदार मार्किंग चाकू, लाकडी हातोडा आणि चार क्लॅम्प. एक मशीन मात्र मी आनंदाने घ्यायला सांगेन, बॅटरीवरचं ड्रिल, कारण भोकं पाडायला आणि स्क्रू बसवायला त्यासारखं काही नाही.

गुण्या घेताना दुकानातच तपासा. सरळ कडेच्या फळीला टेकवून रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच जागी परत रेघ मारा, दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या बरोबर, फाकल्या तर परत करा. चुकीच्या गुण्याने केलेलं काम कितीही मन लावून करा, चौकट वाकडीच होणार.

घरात खरी अडचण बेंचची येते, अवजारांची नाही. डुगडुगणाऱ्या टेबलावर रंधा मारून बघा, अर्धी ताकद टेबल जागेवर ठेवण्यात जाते. बेंचला तीन गोष्टी लागतात, जडपणा, योग्य उंची आणि लाकूड घट्ट धरायची सोय. उंचीसाठी सरळ उभं राहून हात खाली सोडा, मनगटाच्या आसपास बेंचचा पृष्ठभाग यावा, रंधा जास्त मारणार असाल तर थोडा खाली. मोठा बेंच मावत नसेल तर मजबूत टेबलाचा एक पाय भिंतीला टेकवा, खालच्या फळीवर जड सामान ठेवा आणि त्याला एक शेगडा (लाकूड आवळून धरणारा व्हाइस) बसवा. खाली जाड रबर मॅट टाका म्हणजे ठोकाठोकीचा आवाज खालच्या घरात कमी जातो, आणि खाच पाडायची ठोकाठोक दुपारच्या वेळेत उरका, शेजाऱ्यांना आधी एकदा सांगून ठेवलेलं बरं. करवत, रंधा, घासकाम याचा त्रास सहसा कुणाला होत नाही.

आता लाकूड. लाकूड हलतं. तुम्ही ते कापलं, सुकवलं, पॉलिश केलं, वीस वर्षं झाली, तरी ते हवेतल्या ओलाव्याप्रमाणे रुंदीत फुगतं आणि आकसतं. लांबीत जवळजवळ काहीच नाही, ओलं लाकूड पूर्ण सुकेपर्यंत लांबीत फार तर ०.१ ते ०.२ टक्के, पण वार्षिक वर्तुळांना धरून जाणाऱ्या दिशेत बहुतेक जातींत ६ ते १० टक्के, आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत त्याच्या साधारण निम्मं. घरात सुकून बसलेल्या फळीतही ३०० मिमी रुंदीला ऋतू बदलला की दोन-तीन मिमीचा फरक सहज पडू शकतो. मी माझ्या चौथ्या की पाचव्या वर्षी एक अभ्यासाचं टेबल केलं होतं, वरची फळी छान रुंद, आणि ती खालच्या चौकटीला चारी बाजूंनी ग्लू लावून आणि स्क्रू मारून पक्की केली. पहिल्याच कोरड्या हंगामात रात्री धाडकन आवाज आला आणि सकाळी बघतो तर मधोमध हातभर लांब चीर. ग्लू चांगला होता, स्क्रू चांगले होते, लाकडाला आकसायला जागा ठेवली नव्हती, बस. तेव्हापासून रुंद फळीचे स्क्रू मी लांबट भोकातून मारतो म्हणजे ते फळीबरोबर सरकतात, किंवा लाकडी खुंट्या खाचेत अडकवतो. जुन्या दारांत चौकटीच्या आत पॅनेल खाचेत नुसतं सरकवलेलं असतं, चिकटवलेलं नसतं, ते याच कारणासाठी.

प्लायवुड यातून सुटतं कारण त्यात थर एकाआड एक उभे-आडवे चिकटवलेले असतात आणि एक थर दुसऱ्याला हलू देत नाही. खोकी, कपाटाचे खण यासाठी प्लाय वापरायला काही कमीपणा नाही.

लाकूड आणलं की लगेच कापू नका. ज्या खोलीत वस्तू राहणार आहे तिथे, मध्ये पट्ट्या घालून म्हणजे सगळीकडून हवा लागेल असं, दोन-तीन आठवडे ठेवा. शिकायला पाइनसारखं मऊ, सरळ रेषांचं, कमी गाठींचं लाकूड घ्या, महागाचं सागवान हातात आलं की माणूस कापायलाच घाबरतो. फुकटची पॅलेट (माल ठेवायचे लाकडी सांगाडे) मिळत असतील तर त्यावरचा शिक्का बघा, एचटी म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेलं (आतल्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, ३० मिनिटं), ते चालतं, एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, ते घरात आणू नका. आणि पॅलेटमध्ये खिळ्यांचे तुकडे हमखास राहतात, रंध्याचं पातं त्याच्यावर गेलं तर अख्खा दिवस धार काढण्यात जातो.

रंधा मारण्याआधी फळीच्या कडेला वाकून बघा, रेषा कुठल्या बाजूला वर चढत पृष्ठभागावर येतायत. त्या चढाच्या दिशेने रंधा गेला की लाकूड गुळगुळीत होतं, उलटा गेला की पातं रेषांच्या खाली शिरतं आणि कुसळं उपटतं. गाठीभोवती रेषा दोन्हीकडे वळतात म्हणून तिथे सगळ्यांनाच त्रास होतो, तुमचा हात चुकला असं समजू नका, पातं एकदम बारीक लावा आणि फळी फिरवून बघा.

पहिली वस्तू? एक बेंच हुक. साधी फळी, एका टोकाला खालून एक पट्टी, दुसऱ्या टोकाला वरून एक पट्टी, टेबलाच्या कडेला अडकवून त्यावर लाकूड टेकवून करवत मारायची. तीन तुकडे, पण यात सरळ कापणं, काटकोन, ग्लू आणि स्क्रू सगळं आलं, आणि ती वस्तू पुढे रोज लागते. त्यानंतर महिनाभर एकच सराव करा, टाकाऊ तुकड्यावर चाकूने रेघ मारून रेघेच्या कडेने करवत. पेन्सिलने नको, चाकूच. पेन्सिलच्या रेघेला जाडी असते, तिच्या कुठल्या बाजूला कापायचं हा घोळ राहतो, चाकूची रेघ म्हणजे खाच असते, पटाशी त्यात आपोआप बसते आणि काठही फुटत नाहीत. दोन मिमीच्या अंतराने रेघा मारायच्या आणि प्रत्येक रेघेवर कापायचं, पन्नास काप झाले की तुम्हाला स्वतःलाच कळतं की मनगट कुठे वळतंय, खांदा कुठे येतोय.

मग हाफ लॅप, म्हणजे दोन्ही तुकडे निम्म्या जाडीत कापून एकमेकांवर बसवायचे. एक करून पुढे जाऊ नका, दहा करा, प्रत्येकावर तारीख टाका आणि ठेवून द्या. मग मॉर्टिस-टेनन, एकात खाच आणि दुसऱ्याला त्यात शिरणारी जीभ, खुर्ची-टेबलाची सगळी ताकद यातच असते. डव्हटेलचे (कबुतराच्या शेपटीसारख्या आकाराच्या सांध्याचे) फोटो सुंदर असतात म्हणून सगळ्यांना आधी तेच करायचं असतं, पण ते खोके आणि खण यांच्यासाठी, त्याला घाई नाही. लहानापासून मोठ्याकडे जायची ही पद्धत माझी नाही. १९ व्या शतकात फिनलंड आणि स्वीडनमध्ये स्लॉइड नावाची शिक्षणपद्धत होती, फिनलंडने १८६६ मध्ये हस्तकाम शाळांत सक्तीचं केलं, आणि स्वीडनमध्ये ओट्टो सालोमन यांनी शिक्षकांना हेच शिकवलं की मुलाच्या हातात आधी साधा चाकू द्या, घरात उपयोगी पडेल अशी छोटी वस्तू करू द्या आणि प्रत्येक पुढची वस्तू एकेक नवीन कौशल्य मागेल अशी ठेवा. मोठ्या माणसालाही याहून चांगला क्रम मला माहीत नाही.

ग्लूबद्दल थोडंसं. पांढरा लाकडाचा ग्लू रेषांच्या बाजूने चिकटवला तर सांधा लाकडापेक्षाही मजबूत होतो, पण टोकाच्या बाजूला तो शोषला जातो आणि पकडत नाही, म्हणून तर सांधे कापावे लागतात. आधी ग्लूशिवाय सगळं जुळवून, क्लॅम्प लावून बघा, चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले तरच ग्लूची बाटली उघडा. क्लॅम्प तासभर आणि पूर्ण जोर यायला दिवसभर.

शेवटचं घासकाम १२० नंबरच्या पेपरने, मग १८० मग २२०, नेहमी रेषांच्या दिशेने, आणि इथे मात्र मास्क लावाच, एन९५ किंवा त्याच्या तोडीचा, कापडाचा रुमाल उपयोगाचा नाही. रंध्याने चांगलं साफ केलं असेल तर घासायला फारच कमी लागतं. एमडीएफ (लाकडाचा बारीक लगदा दाबून केलेली फळी) घरात शक्यतो घासूच नका, त्याची धूळ फार बारीक असते आणि त्यात फॉर्मल्डिहाइड असलेला रेझिन असतो. फिनिशला पहिल्यांदा तेल बरं, चूक झाली तरी परत लावता येतं. पण जवसाच्या तेलाने भिजलेलं फडकं कधीही चुरगळून डब्यात टाकू नका. ते तेल सुकताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेल्या कापडात ती उष्णता बाहेर पडू शकत नाही, काही तासांत ते आपोआप पेटू शकतं, खरंच पेटतं. फडकं बाहेर दोरीवर एकेरी पसरून कडक होईपर्यंत वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा आणि मगच टाका.

आणि पटाशीचा नियम एकच पण तो कधीच मोडायचा नाही, दोन्ही हात धारेच्या मागे. लाकूड डाव्या हातात धरून उजव्या हाताने पटाशी ढकलायची नाही, लाकूड शेगड्यात किंवा क्लॅम्पमध्ये. माझ्या डाव्या तळहातावर चार टाक्यांची खूण आहे, एका तुकड्याला फक्त अर्धा मिमी काढायचा होता म्हणून क्लॅम्प लावला नाही.

राहिला डायनिंग टेबलचा प्रश्न. आठवड्याला चार-पाच तास देत असाल तर बेंच हुक, एक भिंतीवरची छोटी फळी, एक झाकणाचं खोकं आणि एक स्टूल या क्रमाने गेलात तर वर्ष ते दीड वर्ष लागेल. स्टूल सोडू नका. चार पाय, आडवे दांडे, आठ मॉर्टिस-टेनन आणि वर फुगायला-आकसायला जागा ठेवून बसवलेली फळी, म्हणजे टेबलाचं सगळं काही त्यात लहान मापात असतं, आणि त्यावर बसून डोलून बघितलं की कुठला सांधा सैल आहे ते लगेच कळतं. पहिलं स्टूल बहुतेक थोडं कुरकुरेल, दुसरं करा. दुसरं कुरकुरलं नाही की मला टेबलाची मापं लिहून पाठवा, खालच्या चौकटीची उंची आणि गुडघ्याला जागा किती सोडायची ते आपण मापं बघूनच ठरवू.